सारसाची गाडी आणि शेवग्याची खीळ

एका जंगलात गाड्या बंद पडण्याची फार जुनी परंपरा होती. नीट बसा मुलांनो, आणि मागच्यांनी कुजबुज करू नका. मी गोष्ट एकदाच सांगणार आहे, मग माझ्या झोपेची वेळ होते.

तर या जंगलाचा राजा वाघ. राजाचे मेहुणे तरसाजीराव. आता वाघाचा मेहुणा तरस कसा, असं तुमच्यातलं कोणीतरी विचारणारच. राजाचा मेहुणा कोणीही असू शकतो. मोठे झालात की कळेल.

तरसाजीरावांचा गाड्यांचा कारखाना होता. गाडीला किल्ली दिली की ती चालायची. म्हणजे, चालायला हवी होती. दिसायला मोठी झोकात. पुढे पितळी वाघाचं तोंड, वर झालर, आत गुबगुबीत गादी. पिंपळाच्या पारापर्यंत आली की ती एकदा हुश्श करायची आणि खाली बसायची. मग आतले उतरायचे आणि ढकलायला लागायचे.

पण कोणाची म्हणून तक्रार नव्हती. कचेरीत उशीर झाला तर गाडी बंद पडली एवढं सांगितलं की काम भागायचं, कारण साहेबही तेव्हाच धापा टाकत आलेले असायचे. नको त्या बारशाला जायचं नसलं तरी गाडी होतीच. पाराशेजारी अस्वलीणबाईंची भजी रोज घाण्यामागून घाणा संपायची. सशांच्या दोन पिढ्यांची लग्नं तर ढकलता ढकलताच जमली होती. ज्याला ज्याची मुलगी बघायची असेल तो त्याच्या गाडीला धक्का द्यायला जायचा.

आणि सगळ्यांत सुखी होता लिंबाजी मिस्त्री. हा जातीचा साळिंदर. त्याला अवजारांची पेटी लागायचीच नाही. पाठीवरचा एक काटा उपसायचा, त्याने काम करायचं आणि परत खोचायचा. त्याच्या दारात गाड्यांची रांग लागलेली असे. चालला होता संसार.

आता पूर्वेला, समुद्रापलीकडे काही बेटं आहेत. तिथे एक सारस राहायचा. उंच, किडकिडीत, कामापुरतं बोलणारा. त्याचे आजोबा विणकर. पूर्वीच्या मागावर एक धागा तुटला तरी माग आपला पुढे विणतच राहायचा, आणि हात-हातभर कापड वाया जायचं. सारसाची आजी रोज ते कापड उसवत बसायची. आजोबांना ते बघवेना. त्यांनी डोकं लावून असा माग केला, की धागा तुटला की माग आपोआप थांबेल. आधी चूक दुरुस्त करा, मग पुढचं विणा. नातवाने कापड सोडून गाड्या करायला घेतल्या, पण आजोबांचा हा नियम काही सोडला नाही.

अशी एक गाडी फिरत फिरत आपल्या जंगलात एका गव्याकडे आली. दिसायला अगदीच बेताची. रंग पाणी घातलेल्या ताकासारखा. वाघाचं तोंड नाही, झालर नाही. पोरं तिला बघून फिदीफिदी हसली.

पण ती बंद पडेना.

पहिल्या वर्षी लोक म्हणाले, नवी आहे, नव्याचे नऊ दिवस. पाचव्या वर्षी म्हणाले, एखाद्याचं नशीब असतं. बाराव्या वर्षी म्हाताऱ्या गव्याने आपली गाडी विकायला काढली, तेव्हा ती घ्यायला नदीपर्यंत रांग लागली. मग मात्र जो तो सारसाच्या गाडीमागे लागला. लग्नाच्या बैठकीत मुलीचा बाप आधी गाडी कोणती ते विचारायचा आणि पत्रिका मागाहून. माकडांनी तर एका गाडीला शेंदूर लावून तिच्यापुढे नवस बोलायला सुरुवात केली, आणि नवसाला पावते असं म्हणतात.

इथेच घोळ झाला. सगळे वेळेवर पोहोचायला लागले. कचेरीत दहाला पोहोचल्यावर दहा वाजल्यापासून करायचं काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. दोघा-तिघांना काम करावं लागलं. अस्वलीणबाईंचं तेल थंड पडलं. सशांची मुलं बिनलग्नाची राहिली. लिंबाजी मिस्त्री तर माश्या मारत बसला. एकदा त्याने सारसाच्या एका गाडीचं झाकण उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि हळूच लावून टाकलं. चांगलं काम बघून त्याला बरं वाटलं आणि आपल्या पोटाचं आठवून वाईटही वाटलं. 

शेवटी राजाने मेहुण्यांना बोलावून घेतलं. म्हणाला, असली गाडी आपल्या कारखान्यात दसऱ्याच्या आत व्हायला पाहिजे. दसऱ्याला मी तीत बसून घाट उतरणार आणि सीमोल्लंघनाला जाणार. मागे चाळीस गाड्यांची मिरवणूक.

तरसाजीराव लगोलग अभ्यासदौऱ्यावर निघाले. सोबत बायको, मुलं, सासू-सासरे आणि बायकोची मावसबहीण. अकरा दिवस बेटं बघून झाल्यावर बाराव्या दिवशी त्यांनी तासभर कारखाना बघितला. तिथे कामगारांच्या डोक्यावरून एक दोरी गेली होती. सारस म्हणाला की आमचं गुपित काय असेल तर ते हेच. ज्याला चूक दिसेल त्याने दोरी ओढून घंटा वाजवायची. सगळं काम थांबतं. मग का, का, का असं पाच वेळा विचारायचं, म्हणजे चुकीचं मूळ सापडतं.

तरसाजीरावांनी विचारलं, "आणि ओढणाऱ्याचं काय करता?"

"त्याला धन्यवाद म्हणतो," सारस म्हणाला, आणि दाखवण्यासाठी कमरेतून वाकला. त्याची चोच पार जमिनीला टेकली.

तरसाजीरावांना वाटलं, हा लबाड काहीतरी लपवतोय. दोरीने कुठे गाड्या होतात? पण सासरे म्हणाले की जावईबापू, दोरीतच काहीतरी असणार. म्हणून त्यांनी तीच दोरी मागून घेतली. बापड्या सारसाने दिली. त्याच्याकडे दोऱ्या पुष्कळ होत्या.

दोरी जंगलात आली ती पालखीतून. कारखान्यात नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं, दोरीला घंटा बांधली, झेंडूची माळ घातली. राजाने भाषण केलं. मग प्रश्न आला की ही ओढायची कोणी? कोणीही उठून ओढायला लागला तर वरिष्ठांची अब्रू काय राहिली? असं ठरलं की ज्याला चूक दिसेल त्याने अर्ज करावा. अर्ज मुकादमामार्फत यावा. चूक मुकादमाची असेल तर अर्जावर मुकादमाची संमती जोडावी. आणि खबरदारी म्हणून दोरी छताला, कोणाचा हात पोहोचणार नाही अशी बांधून टाकली. खाली पाटी लावली : दोरीस हात लावू नये.

कोणाचाही हात म्हणजे रानडुकराचा, सांबराचा, अस्वलाचा. खारीचा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही.

त्या कारखान्यात धुरपा नावाची एक खार कामाला होती. तिचं काम खीळ मारायचं. चाक आखावरून, म्हणजे चाकाच्या दांड्यावरून, निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला एक लाकडी खीळ ठोकतात, बोटाएवढी असते, पण सगळी गाडी तिच्यावर. पूर्वी ही खीळ बाभळीची असायची. आता नव्या गाडीसाठी जी पोती आली, त्यातली पहिलीच खीळ धुरपाने दातात धरली आणि तिचं काळीज चरकलं. खीळ शेवग्याची होती.

शेवग्याच्या शेंगांची आमटी करतात मुलांनो, खिळी करत नाहीत. शेवग्याचं लाकूड इतकं ठिसूळ, की त्या झाडावर शहाणं माकडसुद्धा चढत नाही.

आणि आता नीट ऐका. राजाच्या गाडीवर गाडीवान म्हणून कोणाला नेमलं होतं? सखाहरीला. सखाहरी म्हणजे धुरपाचा नवरा. गरीब स्वभावाचा, भित्रा, पण किल्ली देण्यात आणि गाडी वळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. घाटातल्या तिसऱ्या वळणाखाली दीडशे हात खोल दरी होती. खीळ तिथे मोडली असती तर राजा उडी मारून वाचला असता, वाघच तो. सखाहरी पुढे पट्ट्याने बांधलेला असणार होता.

धुरपाने अर्ज केला. मुकादम, एक जाडजूड रानडुक्कर, म्हणाला की अर्ज दसऱ्यानंतर बघू, आत्ता दसऱ्याची गडबड आहे. तिने दुसरा अर्ज केला. तो पहिल्या अर्जाला जोडला गेला. त्या रात्री तिला घास गेला नाही. सखाहरीने विचारलं, तर म्हणाली दात दुखतोय.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती खांबावरून सरसर वर चढली, झेंडूच्या माळेवरून पाय टाकला आणि दोरी ओढली.

घंटा वाजली. कारखाना जागच्या जागी थांबला. अशी शांतता तिथे आजवर कधी झाली नव्हती, कारण आजवर कारखाना थांबायचा तो आरडाओरडा होऊन.

तरसाजीराव धावत आले. त्यांनी पहिल्यांदा दोरी तपासली. दोरीला काही झालेलं नाही हे कळल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. मग दौऱ्यावर शिकल्याप्रमाणे त्यांनी विचारायला सुरुवात केली. दोरी का ओढली? खीळ शेवग्याची आहे म्हणून. शेवग्याची का? ठेकेदाराने पाठवली म्हणून. ठेकेदार असला का निवडला? तो साहेबांचा सासरा आहे म्हणून. इथे तरसाजीराव थांबले. चौथा का विचारला तर उत्तर आपल्याच ओट्यावर येऊन बसेल, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी लागलीच नवा नियम केला की आपल्या हवामानाला दोन का पुरेत. आणि धुरपाला कामावरून घरी बसवली.

त्याच आठवड्यात सारसाची चिठ्ठी आली. त्याच्या एका गाडीचं, बेटावरच्या एका म्हातारीच्या गाडीचं, पायरीचं लाकूड कुरकुरत होतं. त्याने का-का-का करून मूळ शोधलं, आणि जगातल्या सगळ्या जंगलांना कळवलं की गाड्या घेऊन या, पायऱ्या फुकट बदलून देतो. आपल्या जंगलात तो स्वतः आला. भर चौकात उभा राहिला, चूक आमची, माफ करा म्हणाला आणि चोच जमिनीला टेकेपर्यंत वाकला.

लोक थक्क झाले. म्हणजे गाडीत खोट होती तर! पोपटांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या जंगलात ओरडून सांगितलं, सारसाची गाडी खोटी, सारसाने स्वतः कबूल केलं. तरसाजीरावांनी मोठी पाटी लावली : आमच्या कारखान्याने साठ वर्षांत एकही चूक कबूल केलेली नाही. ती वाचून लोकांना आपल्या मातीचा अभिमान वाटला. ज्याने त्याने सारसाची गाडी मागच्या परड्यात लावली आणि घरच्या कारखान्यात नाव नोंदवलं. शेंदूर लावलेली गाडी माकडांनी धुऊन काढली.

धुरपाला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे तिसरं वळण होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती लिंबाजी मिस्त्रीच्या दारात जाऊन बसली.

लिंबाजीने सगळं ऐकून घेतलं. गाड्या मोडल्या तरच आपल्या चुलीवर काही शिजतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो थोडा वेळ पाठ खाजवत बसला. मग म्हणाला, "वहिनी, मी मोडक्या गाड्यांवर जगतो. मोडक्या खारींवर नाही." आणि मागच्या बाभळीची फांदी तोडून त्याने चार खिळी तासल्या. दोघांनी जाऊन राजाच्या गाडीच्या शेवग्याच्या खिळी काढल्या आणि बाभळीच्या मारल्या. पहारेकरी तिथेच होता. गाडीपाशी खटपट करणारा कोणीतरी त्याला रोजच दिसायचा, त्यामुळे त्याने लक्ष दिलं नाही.

दसरा उजाडला. पुढे राजाची गाडी, मागे चाळीस गाड्या, ढोल, ताशे, आपट्याच्या पानांचे ढीग. धुरपा पिंपळावर चढून बसली होती.

मिरवणूक निघाली. पहिल्या हाकेच्या अंतरावर सातवी गाडी बसली. मग बारावी, मग तिसरी. पारापर्यंत चाळीसच्या चाळीस गाड्यांची चाकं निघाली होती आणि वाटाण्यासारखी रस्ताभर घरंगळत होती. कोणाला साधं खरचटलंही नाही. गाड्या इतक्या वाईट होत्या की धोकादायक व्हायला त्यांना वेळच मिळाला नाही.

आणि काय आनंद झाला म्हणून सांगू! अस्वलीणबाईंनी कढई चढवली. सशांचे म्हातारे एकमेकांच्या मुली बघायला लागले. किती दिवसांनी माणसं भेटली, असं जो तो म्हणत होता. म्हणजे माणसं नव्हेत, पण म्हणायची पद्धत आहे.

राजाची गाडी मात्र थांबली नाही. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्या वळणावर धुरपाने डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी घाटाच्या पायथ्याला होती आणि सखाहरीचं मुंडासं उन्हात चमकत होतं. ती फांदीवर बसल्या बसल्या रडली.

राजा सीमेवर पोहोचला आणि त्याने मागे वळून बघितलं. मागे कोणी नाही. जयजयकार करायला नाही, पाया पडायला नाही. दुपारपर्यंत वाट बघून त्याने एकट्यानेच सीमा ओलांडली. सोनं द्यायला समोर सखाहरीशिवाय कोणी नव्हतं. शेवटी त्यालाच आपट्याचं पान दिलं आणि जंगलाच्या राजाने एका खारीला मिठी मारली. राजाची इतकी शोभा आजवर झाली नव्हती.

संध्याकाळी दरबार भरला. चाळीस गाड्या थांबल्या आणि एकच पुढे गेली, म्हणजे खराब गाडी कोणती, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. सखाहरीला पुढे उभं केलं. थांबला का नाहीस, असं त्याला विचारलं, तर म्हणाला महाराज, थांबायला काही कारणच झालं नाही. याला काय शिक्षा द्यावी यावर चर्चा सुरू झाली आणि कोणीतरी दरीचं नाव काढलं.

तेव्हा धुरपा पुढे झाली. "त्यांचा काही दोष नाही महाराज. शेवग्याच्या खिळी मी बदलल्या."

"का?" राजाने विचारलं.

"पुढे माझा नवरा बसणार होता म्हणून."

राजाच्या मिशा हलल्या. त्याने हळूच विचारलं, "पण मागे तर मी बसलो होतो."

"तुमच्यासाठी गाडी केली होती महाराज. खिळी मी त्यांच्यासाठी मारल्या."

राजाला सगळं कळलं. राजे तितके मूर्ख नसतात मुलांनो, जितके गोष्टीत असतात. त्याने मेहुण्यांकडे बघितलं. फक्त आणखी एकदा का विचारायचं होतं. पण दिवाळी वीस दिवसांवर आली होती. भाऊबीजेला राणीसाहेब ओवाळायला ताट घेऊन बसणार, आणि भाऊ आलाच नाही तर वर्षभर राजाला जेवण सुखाने मिळालं नसतं. राजाने तो का गिळून टाकला.

निकाल असा लागला. सखाहरीला माफी. धुरपाला कारखाना कायमचा बंद. आणि कारखान्याच्या इतिहासात पहिल्यांदाच एक सदोष गाडी परत मागवण्यात आली. तरसाजीरावांनी समारंभ करून तिच्या बाभळीच्या चारही खिळी उपटल्या, शेवग्याच्या ठोकल्या आणि भर चौकात सारसासारखे वाकले. वाकताना पोट आडवं आलं, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी गाडी पारापाशी बसली आणि दुरुस्ती चोख झाल्याची सर्वांची खात्री पटली. लिंबाजीच्या दारात पुन्हा रांग लागली.

दोरी आता कोणाला नको होती. अपशकुनी म्हणून ती उकिरड्यावर टाकली. धुरपाने ती उचलून आणली आणि दारातल्या दोन झाडांना बांधून तिच्यावर धुणं वाळत घालायला लागली. सखाहरी रोज गाडीवर जायचा आणि संध्याकाळी पायी घरी यायचा. तो पायी येताना दिसला की ती देवापुढे साखर ठेवायची. गाडी पारापर्यंतच गेली, घाटापर्यंत पोहोचली नाही, हे तिला कळायचं.

एक दिवस सारस उरलेल्या पायऱ्या बदलायला आला. जाताना त्याला आपली दोरी दिसली. त्यावर सखाहरीचं मुंडासं वाळत होतं. त्याने विचारपूस केली. ही दोरी इथे कोणी कधी ओढली का, असं विचारलं. धुरपा घाबरली, पण म्हणाली, "एकदाच. मी."

सारस दोन पावलं मागे सरला. पंख अंगाला चिकटवले. मग तो कमरेतून वाकला, चोच जमिनीला टेकेपर्यंत, आणि बराच वेळ तसाच राहिला.

"धन्यवाद," तो म्हणाला.

धुरपाच्या हातात पिळलेलं लुगडं होतं. ते तसंच धरून तीही वाकली.

रस्त्यावर सशांचं एक गाडी ढकलणं चाललं होतं. त्यांनी ते बघितलं. एक ससा दुसऱ्याला म्हणाला, बघ, हा परत वाकला, आणखी एक खोट सापडली वाटतं. दुसरा म्हणाला, तरी बरं, आपण वेळीच गाडी बदलली. आणि दोघांनी पुन्हा जोर लावला.

तात्पर्य : चूक झाली तर कबूल करावी, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. शिकवू द्या. कबूल केली की चूक तुमची होते. नाही केली की साठ वर्षांनी तिची परंपरा होते, आणि परंपरेला लोक आनंदाने धक्का देतात. घरात एखादी दोरी असलीच, तर तिच्यावर कपडे वाळत घाला. चला, उठा आता. आणि जाताना माझी गाडी जरा ढकलून द्या.